नव्या विंचवाला नावं ठेवली, आणि लेक गप्प झाला

ताई, नमस्कार.

मी जुळे सोलापुरात राहतो. वय ५८, टॉवेलचा धंदा. माझ्याकडे महिंद्राची २०१० ची पांढरी स्कॉर्पिओ आहे, एमहॉक इंजिनवाली. पावणेतीन लाख किलोमीटर झालेत. वडिलांना शेवटचं पंढरपूर तिच्यातनंच घडवलं, मुलीची पाठवणीही तिच्यातनंच केली.

होटगी रोडला एका टपरीवर दर रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण जमतो, सगळे जुने स्कॉर्पिओवाले. स्कॉर्पिओ म्हणजे विंचू, म्हणून लोक आम्हाला विंचूवाले म्हणतात. २०२२ ला नवीन स्कॉर्पिओ-एन आली तेव्हापासून आमचा एकच उद्योग, तिला नावं ठेवणं. तोंड दुसऱ्याच गाडीचं. मागचे दिवे परदेशी गाडीवरनं उचललेले. छत खाली आणलं. मागं माणसं बसली तर पिशवी ठेवायला जागा नाही. या नव्या गाड्यांचं सगळंच बिघडलंय. पुण्यात पोराच्या मित्राची ऑटोमॅटिक चालवायला घेतली तर माझा डावा पाय अर्धा तास क्लच शोधत होता. टपरीवर मी एकदा म्हणालो, "विंचवाची नांगी काढून झुरळ केलंय." सगळे इतके हसले की आता रस्त्यानं एन गेली तर चहावाला पोरगासुद्धा "मालक, झुरळ गेलं" म्हणतो.

मागच्या महिन्यात मुलगा पुण्याहून आला होता. तो तिथं नोकरीला आहे. रविवारी मला न्यायला टपरीवर आला, आणि माझं झुरळपुराण रंगात आलेलं. तो मागं उभा होता हे मला दिसलं नाही. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. रात्री त्याच्या आईकडनं कळलं, त्यानं एन बुक केलीय. काळी, डिझेल, मॅन्युअल. डिलिव्हरी सोलापुरातच घेऊन मला चकित करायचं ठरवलं होतं म्हणे. आता म्हणतो, "पुण्यातच घेतो, अण्णांना आवडत नसेल तर घरी आणत नाही." फोनवर हो-नाही एवढंच.

टपरीवाले म्हणतात, त्याला बुकिंग रद्द करायला सांग, स्कॉर्पिओ क्लासिक घ्यायला लाव, जुनं तोंड अजून मिळतंय. बायको म्हणते, माफी मागा. कशाची मागू? गाडी मला खरंच आवडत नाही. खोटं बोलू का? शिवाय दारात एकच गाडी मावते, म्हणजे माझी विकावी लागणार. २०२५ ला आरटीओतनं पाच वर्षांचं पासिंग करून आणलंय, तरी एक मित्र म्हणतो डिझेल गाडी १५ वर्षांनी भंगारातच जाते, आत्ताच विकून मोकळा हो. काय करू?

एक विंचूवाला, जुळे सोलापूर

*

मालक,

सोलापुरात राहून तुम्हाला दुसरं काय म्हणणार? आणि तो चहावाला पोरगाही तेच म्हणतो, म्हणजे माझं काही चुकलं नाही.

आधी माफीचं बघू, कारण त्याच्यावर घरात दोन तट पडलेले दिसतात. गाडी आवडली नाही याबद्दल माफी मागू नका. गाडी काय, साडी काय, नाटक काय, न आवडणं हा माणसाचा हक्क आहे. तुम्ही सोळा वर्षं एक गाडी चालवली, तिच्यावर दोन पिढ्यांची सुखदुःखं वाहिली, तर तिच्या वारसदाराकडे बोट दाखवायचा अधिकार तुम्हाला नाही तर कुणाला असणार? "एवढं काय, लोखंडच तर आहे" असं म्हणणाऱ्या माणसाशी मी पण बोलत नाही.

हे मी उगाच लिहीत नाही. तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी वाहनकर्जाच्या टेबलावर, याच जिल्ह्यात. उसाचं बिल जमा झालं की मोहोळ, माढा, पंढरपूरकडची मंडळी यायची. ट्रॅक्टरचं कर्ज मागताना माणूस हिशेब सांगतो. स्कॉर्पिओचं मागताना हिशेब सांगत नाही, फोटो दाखवतो. २०१४ च्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. एक आजोबा आणि त्यांचा मुलगा बसले होते. कागद पूर्ण झाले, सही तेवढी राहिली. आजोबांनी माहितीपत्रक उघडलं, चष्मा वर केला, गाडीच्या दिव्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "बाई, ही भुवई कुणी कोरली हिची?" पेन खाली ठेवलं आणि उठून गेले. पंधरा दिवसांनी परत आले. गाडी तीच, रंग तोच. भुवईबद्दल अवाक्षर नाही.

ही गोष्ट सांगायचं कारण म्हणजे तुमच्या टपरीवर "जुनं तोंड" म्हणून जे काही चाललंय ते मला जरा गमतीचं वाटतं. कुठलं जुनं तोंड, मालक? स्कॉर्पिओ पहिल्यांदा आली २००२ ला. नाशिकच्या कारखान्यातली, आपल्याच माणसांनी घडवलेली, त्या वेळी या किमतीत अशी गाडी दुसरी नव्हती. २००६ ला तिचं तोंड पहिल्यांदा बदललं. मग एमहॉक इंजिन आलं, बॉनेटवर ती नाकपुडी आली, जी तुमच्या गाडीला आहे आणि जिच्यावर तुम्ही दर रविवारी फडकं मारत असाल. २०१४ ला सांगाडा नवा, तोंड नवं, कोरलेली भुवई. २०१७ ला जाळी पुन्हा बदलली. आज क्लासिक म्हणून जी मिळते तिला २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा नवी जाळी आणि कंपनीचं नवं चिन्ह लावलंय. म्हणजे टपरीवाले ज्या तोंडाला जुनं म्हणतात ते मुळात २०१४ चं, आणि तेव्हा तुमच्याच वयाच्या माणसांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या होत्या. मी साक्षीदार आहे. २००२ वाल्याला २००६ ची आवडली नसणार, हे मी न विचारता सांगते.

गड्ड्याची जत्रा आठवा. दर जानेवारीला होम मैदानावरनं परतताना आपल्यातला कुणीतरी म्हणतोच, "पूर्वीची मजा राहिली नाही." माझे वडील हेच म्हणायचे. आता मीही म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.

आता तुमच्या तक्रारी एकेक करून बघू. सगळ्या चूक नाहीत. उगाच तुमच्या पोराची वकिली करायला मी बसलेले नाही.

मागचे दिवे. उभे, काचेपर्यंत चढलेले. इथं तुमच्याशी सहमत. व्होल्व्होची आठवण येते, होंडाच्या सीआर-व्हीची येते, आणि हे बोलणारे तुम्ही एकटे नाही. गाडी आली त्या आठवड्यात देशभरच्या गाडीवेड्यांनी हेच म्हटलं होतं. जुन्या स्कॉर्पिओचा पाठीमागचा भाग अंधारात शंभर पावलांवरनं ओळखू यायचा, हिचा येत नाही. मान्य.

सामानाची जागा. तीही मान्य. तिसरी ओळ उभी असली की मागं एखादी भाकरीची दुरडी बसेल, चार माणसांचं सामान बसणार नाही. तिसरी ओळ अखंड, अर्धी पाडायची सोय नाही. तुमच्या गाडीत मागं समोरासमोर बाकडी असतील तर ती वर उचलून अख्खं ज्वारीचं पोतं आडवं टाकता येतं. हुरड्याला जाताना हे कामाचं होतं, मला माहीत आहे.

तोंड. हे मतावर सोडू. मला विचाराल तर समोरनं ती जरा शहरी वाटते. जुनी स्कॉर्पिओ आरशात दिसली की माणूस आपोआप डावीकडे सरकायचा, पुढाऱ्याची असेल म्हणून. ही दिसली तर सरकेलच असं नाही. यात नुकसान कुणाचं झालं ते मी सांगणार नाही, मला याच जिल्ह्यात राहायचंय.

छत खाली आणलं. इथं मात्र थांबा. आणलंय हे खरं. एनची उंची १८५७ मिलिमीटर, क्लासिकची १९९५. म्हणजे जवळपास १४ सेंटीमीटर कमी. पण डोळ्याला ती जेवढी बसकी दिसते तेवढी ती नाही, कारण रुंदी १८२० वरनं १९१७ झाली आणि लांबी ४४५६ वरनं ४६६२. उंच माणसानं अंग धरलं की तो बुटका दिसायला लागतो, तसं झालंय. आणि हे कुणाच्या लहरीनं झालेलं नाही. तुळजापूरचा घाट उतरताना तुमच्या गाडीत मागच्या बाकड्यावर बसलेली माणसं एकमेकांच्या मांडीवर येतात ना? उंच आणि अरुंद गाडी वळणावर झुलणारच. ती खाली आणून रुंद केली, मागची स्प्रिंगांची सगळी जुळणी बदलली, म्हणून झोल कमी झाला. घरातल्या बायकांना विचारा, घाटात पोटात ढवळतं ते कुणाच्या?

आता झुरळ. मालक, वाक्य फक्कड आहे, मी सुद्धा हसले. पण तपशील उलटा पडलाय. नांगी काढलेली नाही, आधी नव्हती ती लावलीय. एनच्या खिडक्यांखालून जाणारी क्रोमची पट्टी मागच्या दाराच्या पुढं जाऊन जिथं वर वळते, ती विंचवाच्या शेपटीसारखी मुद्दाम वळवलेली. पुढच्या खालच्या दिव्यांची वाकडी रेघ, तीही नांगीच. तुमच्या २०१० च्या गाडीला नावाखेरीज नांगी कुठं होती, जरा जाऊन शोधा. मला विचाराल तर हा एनचा दोष आहे. खऱ्या विंचवाला मी विंचू आहे असं दोन ठिकाणी लिहून लावावं लागत नाही. पुढच्या रविवारी टपरीवर बोलायचंच असेल तर हे बोला, जास्त खरं आहे.

आणि जे बदललं नाही त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. खाली सांगाडा आहे, त्याच्यावर वेगळी बॉडी बसवलेली, जुन्या पद्धतीनं. ताकद मागच्या चाकांना जाते, हवी तर चारही चाकांना. मागचं दार कपाटासारखं बाजूला उघडतं. हे सगळं काढून टाकून फक्त नाव ठेवलं असतं तर मी तुमच्याबरोबर टपरीवर येऊन बोंब मारली असती. सफारीवाल्यांचं नेमकं तेच झालं. १९९८ ला आलेली टाटा सफारी कशी होती आठवा. सांगाड्यावरची, मागच्या दाराला स्टेपनी टांगलेली, रुबाबात चालणारी. ती २०१९ ला बंद झाली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत सफारी नावानं जी आली ती टाटाच्याच हॅरियर गाडीच्या पायावर उभी केलेली, सांगाडा नाही, ताकद पुढच्या चाकांना. गाडी म्हणून उत्तम, पण जुन्या सफारीवाल्यांनी "ही लांब केलेली हॅरियर आहे" म्हणून जो गळा काढला त्यात तथ्य होतं. छताची पायरी तेवढी आठवण म्हणून ठेवली. टाटाच्याच सिएराचं बघा, १९९१ ची ती तीन दाराची गाडी, मागं छतात वळलेली ती मोठी अखंड काच. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नवी सिएरा आली, पाच दाराची, आणि काचेच्या जागी काचेचा भास. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, काहींनी कपाळाला हात लावला, तेही एकाच घरात. तिकडं इंग्लंडात लँड रोव्हर डिफेंडरचं २०१६ ला जुनं उत्पादन थांबलं आणि २०१९ ला नवी दाखवली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यापासून जमीनदारापर्यंत लोक भांडले. तेव्हा तुमचं दुःख नवीन नाही आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही. फक्त या सगळ्यांत तुमचं जरा कमी पडतं, एवढंच म्हणते.

टपरीवाल्यांनी ऐकावं असा एक आकडा. ३० जुलै २०२२ ला एनचं बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात एक लाखावर गेलं. त्यातले निम्मे तरी आदल्या दिवशीपर्यंत तिला नावं ठेवत असतील, असा माझा बँकेतल्या अनुभवावरनं अंदाज.

क्लासिकचं सांगते. पोराला बुकिंग रद्द करायला लावू नका. क्लासिक वाईट गाडी नाही, ज्याला ती खेड्यातल्या रस्त्यावर रगडायची आहे त्यानं खुशाल घ्यावी, मी स्वतः कितीतरी जणांना कर्ज दिलंय तिच्या आधीच्या भावंडांसाठी. पण तुमचा मुलगा पुणे-सोलापूर रस्त्यावर येणार-जाणार. रात्री ट्रकांच्या रांगेतनं, टेंभुर्णी, मोहोळ करत. २०१६ ला ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आपटून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं, जुनी स्कॉर्पिओ आपटून बघितली, एअरबॅग नसलेली खालची आवृत्ती, तिला शून्य तारे मिळाले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये एन आपटली, मोठ्या माणसांसाठी पाच तारे. मुलांसाठी तीनच, हेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई कंपनीची एजंट आहे. क्लासिकला एअरबॅग दोन, एनच्या वरच्या मॉडेलला सहा. मुलानं कुठलं घेतलंय ते पत्रात नाही, विचारून घ्या. भांडण मिटवायला तो प्रश्नही बरा आहे, कारण त्यात मत येत नाही.

तुमच्या गाडीच्या त्या आडव्या बाकड्यावर नातवंडं बसवत असाल तर आजपासून बंद करा. हे सल्ल्यात धरू नका, सांगितलं म्हणून ऐका.

आता भंगारवाला मित्र. तो दिल्लीचा नियम सोलापुरात लावतोय. १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागासाठी निघाली, हरित लवादाच्या आदेशातनं. एमएच-१३ च्या गाडीला तिचं काही देणंघेणं नाही. आपल्याकडे खासगी गाडीला १५ वर्षांनी तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, फी भरायची, की पाच वर्षांची नोंदणी वाढते. तुम्ही ते केलेलं आहे. फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार आहे, ती तुम्ही दिलीच असेल. २०३० ला पुन्हा जाल तेव्हा गाडी २० वर्षांची झालेली असेल आणि तिला दहा हजारांचा दर लागेल, २०२५ च्या ऑगस्टमध्ये तसा बदल झाला. विकायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण भीतीपोटी विकू नका. पावणेतीन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीला मिळून मिळून किती मिळणार? तेवढ्या पैशासाठी पुढची दहा वर्षं पोराच्या गाडीकडे बघून "हिच्यापायी माझी गेली" म्हणणार असाल तर सौदा फार महाग पडतो.

एवढं सगळं गाडीचं झालं. आता मुलाचं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा लक्षात आलं की त्यात डोळे सगळीकडे आहेत, बाकी शरीर कुठंच नाही. तोंड बघितलं, दिवे बघितले, छत बघितलं. बसलो, चालवली, दार लावून आवाज ऐकला, असं एकदाही नाही. चार वर्षं ज्या गाडीला नावं ठेवताय तिच्यात तुम्ही एकदा तरी बसलाय का? चुकत असेन तर कळवा.

तिसऱ्यांदा वाचताना मी एका ओळीवर अडकले. काळी, डिझेल, मॅन्युअल. तुम्ही ते सहज लिहून पुढं गेलात. मालक, तुमचा मुलगा पुण्यात राहतो. तिथं संध्याकाळी कचेरीतनं घरी जायला माणूस पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर क्लच दाबत बसतो. एनला ऑटोमॅटिक मिळते. पुण्यात रोज गाडी चालवणारा, नोकरीवाला, तरुण मुलगा, एवढे पैसे घालताना मॅन्युअल कशाला घेईल? माझा भाचा तिथंच आहे. त्यानं गुडघ्यापायी जुनी गाडी विकून ऑटोमॅटिक घेतली, वय चौतीस.

त्याच पत्रात चार ओळी आधी तुम्ही लिहिलंय, ऑटोमॅटिकमध्ये तुमचा डावा पाय अर्धा तास क्लच शोधत होता. तेव्हा गाडीत शेजारी कोण बसलं होतं?

मला नक्की माहीत नाही, मी त्या मुलाला ओळखत नाही. पण कर्जाच्या टेबलावर बसून एक सवय लागते, माणूस काय बोलतो त्यापेक्षा अर्जात काय भरतो ते बघायची. त्यानं अर्जात मॅन्युअल भरलंय.

आता फोन करा. तुमच्या बायकोला लावायला सांगू नका, तुम्ही स्वतः लावा, आणि रविवारी सकाळी लावा, ज्या वेळी तुम्ही टपरीवर असता. आडवळण घेऊ नका. म्हणा, तू मागं उभा आहेस हे मला दिसलं नाही. गाडीबद्दल माझं मत आहे ते आहे, पण ती तू घेतलीयस हे माहीत असतं तर आधी तुला विचारलं असतं का घेतलीस, आणि मग बोललो असतो. चार माणसांत तुझ्या वस्तूला हसलो त्याचं मला वाईट वाटतं. एवढंच. "मला आवडते रे" असं खोटं म्हणू नका, तो तुमच्याच घरात वाढलाय, ओळखेल. गाडीचं कौतुक करायचंच असेल तर एक खरं कौतुक हाताशी आहे, सांगाडा ठेवलाय म्हणा. त्याला कळेल.

मग मॅन्युअल का घेतलीस ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. तो आईला फोन द्या म्हणाला तरी देऊ नका.

डिलिव्हरी सोलापुरातच घ्यायला सांगा. पूजेला रूपाभवानीला नेऊ म्हणा. चाकाखाली लिंबं ठेवायचं काम तुमचं. तिथनं पुढं तो काय करतो ते बघा. किल्ली पुढं केली तर घ्या, "नको, तूच चालव" असला आपला मराठी संकोच त्या दिवशी घरी ठेवा. सीटवर बसल्यावर पहिल्यांदा दार ओढून लावा आणि कान द्या. काच खाली करून डाव्या बाजूची रिक्षा वरनं दिसते का बघा. दिसते, मी बसलेय. नंतर लांबोटीपर्यंत जाऊन चिवडा घेऊन या, तेवढ्यात गाडी काय आहे ते पायाला कळतं. त्यानंतरही नाही आवडली तर नाही आवडली. मत बदलायला जायचं नाहीये.

टपरीवर मात्र ती गाडी तुम्ही स्वतः चालवत न्या, पुढच्याच रविवारी, मुलाला शेजारी बसवून. पोरगा "मालक, झुरळ" म्हणायला तोंड उघडेल आणि आत कोण आहे ते बघून मिटेल. सगळ्यांना चहा सांगा. दिव्यांवरनं बोलायचं तर बोलू दे मंडळींना, मुलासमोर बोलू दे, तोही काहीतरी बोलेल. बहुधा तुमच्या बॉनेटवरच्या नाकपुडीवरनं सुरुवात करेल, आणि त्यात त्याचंही काही चूक नसेल.

राहता राहिला दारातल्या जागेचा प्रश्न. एकच गाडी मावते असं तुम्ही लिहिलंय, पण मोजून की अंदाजानं? जुळे सोलापुरातल्या बऱ्याच प्लॉटांना बाजूची पट्टी असते, तिथं तुळशीवृंदावन, जुनी सायकल, टॉवेलच्या गाठी असलं काहीतरी ठेवलेलं असतं. ते हलवून जुनी गाडी तिथं सरकते का बघा. नवीच्या आधी फाटक मोजा. तुमच्या गाडीपेक्षा ती दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच बोटं रुंद आहे आणि लांबीला जवळपास वीतभर जास्त, म्हणजे आत घेतल्यावर फाटक लागतं का हेही बघावं लागेल. टेप घ्या आणि रुंदी आरसे उघडे धरून मोजा, मिटलेले धरून नको. रात्री बारा-एकला पुण्याहून आलेला पोरगा आरसे मिटायला विसरतो.